रुपयाला वीस पुठ्ठे

टक्केसरांना काहीही विचारा, उत्तर टक्क्यांत यायचं. चहा घेणार का? साठ टक्के. आज तास होणार का? पंच्याऐंशी. स्टँडवर उभे असताना एखाद्या म्हातारबाबानं विचारावं, मालेगावची गाडी येईन का जी? "पासष्ट. बसाले जागा भेटन का, ते वेगळं काढा लागन." आमच्या वाशीमच्या कॉलेजात ते बी.कॉम.ला संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं. शून्य आणि शंभर हे दोन आकडे मात्र त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. "शंभर टक्के फक्त होऊन गेलेल्या गोष्टीचं सांगता येते," असं ते म्हणत, "अन् त्यालेबी दोन साक्षीदार पायजेत."

या सवयीपायी त्यांचं लग्न राहिलं. हिंगोलीकडे मुलगी पाहायला गेले होते. पोहे झाले, मुलगी आत गेली आणि ओसरीवर मुलीच्या मामानं विचारलं, "मंग, पसंत हाय ना?" सरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बासष्ट." त्यांच्या मानानं ही भलतीच पसंती होती, कारण आषाढातल्या पावसालाही त्यांनी कधी पन्नासच्या वर दिले नव्हते. पण मामानं उरलेले अडतीस कुठं गेले ते विचारलं आणि सरांनी सरळ मनानं त्या अडतिसांची फोड करून सांगितली. त्यातले पाच टक्के मामाचे होते. ही हकीगत ते स्वतःच आम्हाला सांगत, आणि त्यात आपलं काय चुकलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

ते आमच्या किराणा दुकानामागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. आम्ही जैन, त्यामुळे दिवस मावळायच्या आत आमची जेवणं आटपलेली असत, आणि त्यांच्या खोलीत स्टोव्हपेक्षा वह्याच जास्त असल्यामुळे आई त्यांनाही त्याच वेळी हाक मारायची. एकदा तिनं सहज विचारलं, भाजी कशी झाली? "मागच्या मंगळवारपेक्षा बरी असन, याची शक्यता साठ." आई म्हणाली, "मंग साठ टक्केच पोळ्या घ्या." त्या दिवशी त्यांना खरोखर पाचाऐवजी तीनच पोळ्या मिळाल्या. त्यांनी त्या बिनतक्रार खाल्ल्या, वर हिशेब बरोबर आहे म्हणाले.

आता एवढ्यावरून ते नुसतेच विक्षिप्त होते असं वाटेल, आणि ते होतेच. पण त्यांना एक खरा ध्यास होता. तो होता देशोदेशींच्या चलनांचा. पौंड, लिरा, फ्रँक. ज्या गावात कित्येकांनी शंभराची नोट लांबूनच पाहिली होती, त्या गावात हा माणूस नागपूरहून एक दिवस शिळं येणारं वर्तमानपत्र उघडायचा आणि पौंडाची काळजी करत बसायचा. आबा, म्हणजे माझे वडील, गल्ल्यावरून विचारायचे, "काय सर, आज कोनाचं बुडालं?" आणि सर गंभीरपणे सांगायचे, "लिरा दम धरून हाय."

त्यांचा प्रबंध याच विषयावर होता. तो आम्हाला वर्गात फुकट ऐकायला मिळायचा. ते सांगत, समजा एका सरकारनं म्हटलं की आमच्या नोटेचा भाव अमुक इतके डॉलर. कधीही या आणि बदलून घेऊन जा. तिजोरीत डॉलर आहेत तोवर हे चालतं. पण तिजोरी हळूहळू उतरायला लागते. लोक ती बघत असतात. आणि एका दिवशी सगळेच नोटा घेऊन दारात येतात. याला ते चलनावरचा हल्ला म्हणायचे. हल्ला होणार हे कुणीही सांगेल. कोणत्या दिवशी होणार, याची शक्यता आकड्यांत काढायची, हे त्यांचं काम. "लोकायले वाटते, तिजोरी खाली झाली की रांग लागते," ते फळ्यावर एक उतरती रेघ काढून म्हणायचे. "तसं नाही. तिजोरीत बराच माल असतानाच रांग लागते." आणि ती रेघ अर्ध्यावरच कड्यासारखी सरळ खाली सोडायचे. खडू मोडायचा. तो रोजच मोडायचा.

आम्हाला काही कळायचं नाही. म्हणून त्यांनी जिलेबी घेतली. एका सहकाऱ्याच्या लग्नात पंगती उठत असताना ते जिलेबीच्या परातीशेजारी घड्याळ आणि वही घेऊन उभे राहिले. परातीत किती उरली की मागच्या पंगतीची माणसं उठून पुढं सरकतात, हे त्यांना मोजायचं होतं. यजमानांना वाटलं, सर भुकेले आहेत. त्यांनी ताट आणून दिलं. सर म्हणाले, मला नको, मी फक्त बघतोय. मग यजमानांना वाटलं, सर रागावले आहेत. त्यांनी आग्रह सुरू केला. या झटापटीत परात संपली आणि नोंद राहून गेली. पुढच्या तासाला त्यांनी आम्हाला एवढंच सांगितलं की परातीत तिसरा हिस्सा जिलेबी असतानाच माणसं उठली होती, आणि जे उठले नाहीत ते तिच्याविनाच घरी गेले. तेव्हा मात्र वर्गाला पौंड समजला.

पौंडाच्या भावाला बांधलेला रुपया त्याच्यापासून सुटला त्या दिवशी सरांनी कॉलेजात पेढे वाटले. प्राचार्यांना वाटलं लग्न जमलं. सरांनी ही सुटका आधीच सत्तर टक्क्यांनी सांगून ठेवली होती, एवढंच कारण. असा तो आनंदी माणूस होता. पण त्याचं एक दुखणं होतं. त्याला आकडे मिळत नसत. कुठल्या देशाच्या तिजोरीत रोज किती उरतं, हे वाशीमला बसून कसं कळणार? "एक चलन मले हाताशी पायजे," ते आबांजवळ कुरकुरायचे, "रोज जवळून पाहाले."

ते त्यांना आमच्याच दुकानात मिळालं.

त्या काळात सुट्ट्या पैशांची अशी टंचाई आली होती की पाच पैशांचं नाणं दिसलं तर लोक खिशात लपवत. दुकानदार सुट्ट्याऐवजी गोळ्या द्यायचे, काडेपेट्या द्यायचे. आबांना हे पटेना. काडेपेटीवर घर चालत नाही म्हणाले. त्यांनी रिकाम्या खोक्यांचा जाड पुठ्ठा काडेपेटीच्या आकारात कापला, त्यावर दुकानाचा जांभळा शिक्का मारला आणि पाच, दहा, पंचवीस असे आकडे घातले. कुणी नक्कल करू नये म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात मी 'शो' अशी सही करायची. शोभा माझं नाव. म्हणजे बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका चलनाची गव्हर्नर होते, बिनपगारी.

आबांचा शब्द होता : पाचाचे वीस पुठ्ठे आणा, एक रुपया घेऊन जा, कधीही. लोक त्याला आबाचा पुठ्ठाच म्हणायचे. वर्षभरात तो आमच्या हातातून निसटला. शेजारचे हॉटेलवाले दामूभाऊ तो चहाला घ्यायला लागले, न्हावी घ्यायला लागला, स्टँडवरचा पानवाला घ्यायला लागला. मालेगावच्या गाडीतल्या एका कंडक्टरनं तो घेतल्याचीही वदंता होती. बाहेर असलेला सगळा पुठ्ठा मिळून सहाशे रुपयांच्या आसपास असावा असा माझा अंदाज होता. गल्ल्यात कधीच एवढे नसत, आणि असायची गरजही नव्हती.

टक्केसरांना हे उमगलं तेव्हा ते ताटावरून उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लाल कापडी बांधणीची एक वही आबांच्या पुठ्ठ्याला वाहिली. बाहेर किती, गल्ल्यात किती, आज किती परत आले. बाजाराच्या दिवशी ते मालेगावला, नाशिककडच्या नव्हे, आमच्या शेजारच्या, जायचे, तिथून केनवडला जायचे, आणि पुठ्ठ्याचा भाव विचारायचे. कारण भाव पडला होता. वाशीमला रुपयाला वीस, मालेगावला एकवीस आणि केनवडला बावीस. केनवडच्या एका तेलवाल्यानं त्यांना सांगितलं, वाशीमले जाऊन बदलून आनाले गाडीभाडं लागते ना सर, ते दोन पुठ्ठे त्याचे. सरांनी भाड्याचा हिशेब मांडला. तेलवाला महिन्यातून एकदा गठ्ठा घेऊन यायचा, तेव्हा रुपयामागं भाडं फार तर एका पुठ्ठ्याचं. मग दुसरा कशाचा? "गाडीभाडं वजा केलं का उरते ते भ्याव," ते डोळे चमकवत म्हणाले; भ्याव म्हणजे भीती. "शोभा, केनवडले भ्याव रुपयामागं एक पुठ्ठा हाय. आकड्यात हाय. इंग्लंडले हे कोनाले जमलं नाही."

तेवढ्यात आबांना हिवताप झाला. आठवडाभर ते गल्ल्यावर बसले नाहीत; मी आणि आई दुकान पाहत होतो. केनवडला भाव चोवीस झाला. सरांनी ताप उतरल्याची बातमी आनंदानं ऐकली, पण चोविसाची बातमी त्यांनी त्याहून आनंदानं आम्हाला दिली. आबा अंथरुणावरून म्हणाले, "म्हंजे मी मेलो तर तुमचा प्रबंध पुरा होईन." सर म्हणाले, "नाही, नाही. मेल्यावर मंग काही शिल्लक राह्यत नाही मोजाले."

आणि मग त्यांनी ती चूक केली, जी फक्त टक्केसरच करू शकत होते. त्यांच्या गणितात एक आकडा कमी होता. लोकांना धोका किती आधी कळतो? तो पुस्तकात मिळत नाही, माणसांना विचारावा लागतो. म्हणून त्यांनी वाशीमच्या बाजारपेठेत चाळीस जणांची यादी केली, नमुना नीट निवडला, आणि एका दुपारी वही घेऊन दुकानोदुकानी फिरले. प्रश्न एकच होता, आणि तो त्यांनी शुद्ध मराठीत, चाळिसांनाही त्याच शब्दांत विचारला : "समजा, आबांनी पुठ्ठा बदलून देणं बंद करायचं ठरवलं, तर ते तुम्हाला किती दिवस आधी कळेल?"

पहिल्या दहांनी सांगितलं, काय माहीत. पुढच्या दहांनी विचारलं, काहून, काय झालं? शेवटच्या विसांना सरांनी काही विचारायच्या आधीच ठाऊक होतं. आबा आठ दिवसांपासून दिसत नाहीत, आबांच्याच घरात राहणारे कॉलेजचे सर वही घेऊन विचारत फिरतात, आणि विचारतात काय, तर बंद कधी होणार. दिवे लागायच्या सुमारास सर घरी आले. चाळीसच्या चाळीस उत्तरं मिळाली म्हणून खूश होते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाची फळी काढली तर समोर रांग होती. सगळ्यांत पुढं दामूभाऊ, हातात डालड्याचा डबा, डब्यात पुठ्ठे. आमच्या दुकानाला लागूनच त्यांचं हॉटेल. आबांच्या तापात रोज गवती चहा घातलेला चहा पाठवणारे हेच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

आबा शाल गुंडाळून गल्ल्यावर येऊन बसले. "दामू," ते म्हणाले, "तूबी?"

"आबा, मले तुमच्यावर पुरा भरोसा हाय," दामूभाऊ खाली बघत म्हणाले. "पन या मांगच्यायवर नाही ना. हे सारे घेऊन गेले, मंग मी भरोसा घेऊन काय करू?"

यात खोटं काहीच नव्हतं, हीच अडचण होती. आबांनी त्यांचे पुठ्ठे मोजून घेतले, नोटा दिल्या, पुढच्याला बोलावलं. गल्ल्यात दोनशे चाळीस रुपये होते. बाकीचे चारच दिवसांपूर्वी अकोल्याच्या ठोक व्यापाऱ्याला मालापोटी गेले होते. माल भरपूर होता, पण त्या दिवशी तूरडाळ कुणालाच नको होती. आणि एकाला जरी "उद्या या" म्हटलं असतं तर ते शब्द दुपारच्या गाडीनं अकोल्याला पोचले असते. आबांचं दुकान अकोल्याच्या उधारीवर चालायचं, आणि ती उधारी आबांच्या शब्दावर. तीस वर्षांत त्यांनी कुणाला उद्या या म्हटलं नव्हतं. ते एकेक पुठ्ठा उलटून माझी सही पाहत होते, मुद्दाम सावकाश.

टक्केसर आंघोळ करून बाहेर आले ते थेट या रांगेत. त्यांनी रांग मोजली. घड्याळ पाहिलं. खिशातून वही काढून वेळ लिहिली. मला इतका संताप आला की मी सगळ्यांदेखत म्हणाले, "सर, हे तुमच्यामुळं झालंय. लिहा तेही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. कसलं तरी पोरकं हसू तोंडावर आलं. "समीकरणात मी नव्हतो," ते म्हणाले. "सारे धरले, शोभा. मीच राह्यलो." आणि ते मागं वळून खोलीत गेले. मला वाटलं, हाही मुद्दा टिपून ठेवायला गेले. त्या क्षणी मी त्यांना जे मनात म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

गल्ल्यात साठेक रुपये उरले असताना ते परत आले. हातात एक खाकी लिफाफा होता. तो मी ओळखला, कारण त्यांच्या ट्रंकेत तो मला त्यांनी मोठ्या अभिमानानं दाखवला होता : प्रबंधाचं टंकलेखन, बांधणी, विद्यापीठाची फी, नागपूरचं जाणं-येणं. दोनशे रुपये, वर्षभर साठवलेले. पुढच्या आठवड्यात ते निघणार होते. ते रांगेत उभे राहिले नाहीत. सरळ गल्ल्यापुढं आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात म्हणाले, "आबा, मले दोनशे रुपयांचे पुठ्ठे द्या."

आबांना वाटलं आपल्या डोक्यात ताप गेला. "द्या का घ्या?"

"द्या. रुपयाले वीस. केनवडच्या भावानं मागून नाही राह्यलो."

दामूभाऊ नोटा खिशात घालून तिथंच घुटमळत उभे होते. ते पुढं आले. "सर, तुमी इकत घेऊन राह्यले?"

"हो."

"काल तर तुमीच इचारत फिरत होते."

"म्हनूनच. इचारून पाह्यलं, हिशेब केला, आता घेऊन राह्यलो."

"म्हंजे आबाचा पुठ्ठा बुडत नाही?"

"नाही."

दामूभाऊंनी मग तोच प्रश्न विचारला, जो अख्खी रांग विचारणार होती. "किती टक्के?"

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. "शंभर," ते म्हणाले.

हा आकडा त्या माणसाच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. स्टँडवरच्या पानवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. ज्यानं पाहायला गेलेल्या मुलीला बासष्ट दिले, त्यानं आबाच्या पुठ्ठ्याला शंभर दिले. मी डालड्याच्या डब्यातले आणि आधीचे परत आलेले पुठ्ठे त्यांच्यापुढं मोजायला घेतले, आणि मोजता मोजता मागं चपलांचे आवाज यायला लागले. कुणाला काम आठवलं, कुणाला गाडी आठवली. अर्ध्या तासात समोर सात-आठ माणसं उरली, त्यांना आबांनी सरांच्याच नोटा दिल्या. दामूभाऊ सगळ्यांत शेवटी आले. सकाळच्या नोटा त्यांनी गल्ल्यावर ठेवल्या आणि म्हणाले, "आबा, माह्ये पुठ्ठे वापस द्या." आबांनी ते दिले. पण महिनाभर त्यांनी त्या हॉटेलातला चहा घेतला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

सर दोनशे रुपयांचे पुठ्ठे उशीच्या अभ्र्यात भरून खोलीत घेऊन गेले. प्रबंध त्या वर्षी गेला नाही आणि पुढंही गेला नाही. नंतर मी एकदा त्यांची माफी मागितली आणि विचारलं, आता तरी पाठवा ना. ते म्हणाले, "मी इचारलं म्हनून रांग लागली. मी बोललो म्हनून मोडली. मधात गनित कुठं हाय, मले दाखव." मला एवढंच दिसत होतं की त्या दिवसापासून ते लाल वही उघडत नाहीत, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं. पौंडाची चौकशी करणं आबांनीही सोडून दिलं.

आबा दर पहिल्या तारखेला नोटा घेऊन त्यांच्या दारात जायचे. सर परत पाठवायचे. लोक बघत आहेत म्हणायचे. खरंच बघत होते. बाजारात सर दिसले की कुणी ना कुणी विचारायचं, "सर, अभ्रा हाय ना भरेल?" "हाय," असं उत्तर मिळालं की तो निर्धास्त होऊन पुठ्ठ्यानं चहा प्यायचा. केनवडला भाव एकवीसवर आला. पुढं सुटे पैसे दिसायला लागले तसे आबांनी एकेक करून सगळे पुठ्ठे परत घेतले आणि आईनं ते बंबात घातले. सरांचा अभ्रा तेवढा राहिला.

मग त्यांना नांदेडकडच्या एका कॉलेजात जागा मिळाली. स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो. गाडी हलायच्या आधी आबांनी खिडकीतून दोनशे रुपये पुढं केले. सरांनी फलाटावर नजर टाकली. "किती जन पाहून राह्यले?" आबा वैतागून म्हणाले, "सात." "सात पुरतात," सर म्हणाले आणि खिडकीची काच खाली ओढली. तोवर बाजारात त्यांच्याखेरीज एकाकडंही पुठ्ठा नव्हता, हे मी काचेवर टकटक करून त्यांना सांगत होते. त्यांनी आतून हात हलवला. ट्रंकेवर अभ्रा ठेवला होता आणि त्यावर त्यांनी कोपर टेकलं होतं.

आबा गेले तेव्हा मी अकोल्याला बँकेत नोकरीला होते. महिन्याभरानं मी मालेगावला गेले. सर निवृत्त होऊन तिथं पुतण्याकडं राहत होते. खूप वाळले होते, पण मी चहा घेणार का विचारल्यावर "चाळीस" म्हणाले, म्हणजे ठीक होते. मी पर्समधून दोनशे रुपये काढून समोर ठेवले. या वेळी त्यांनी आजूबाजूला पाहिलं नाही. पलंगाखालून अभ्रा काढला आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून पुठ्ठे मोजायला लागलो. जांभळा शिक्का फिकट झाला होता. माझी सही मात्र ठसठशीत होती. त्या वयात मी फार जोरानं लिहायची.

मोजता मोजता मी विचारलं, "सर, खरं सांगा. त्या दिवशी खरा आकडा किती होता?"

"पस्तीस," ते म्हणाले.

"पस्तीस टक्के? आणि तुम्ही प्रबंधाचे पैसे घातले?"

"तुह्या बापानंबी हेच इचारलं, दुसऱ्याच दिवशी. मी पस्तीस सांगतले. तर म्हनते कसे, मी वीसच धरले होते." आणि ते इतके हसले की पुतण्या बाहेरून डोकावून गेला. मग हसता हसता डोळे पुसायला लागले. मीही पुसत होते.

शेवटी हिशेबात एक पाचाचा पुठ्ठा कमी भरला. मी पुन्हा मोजायला घेणार, तर त्यांनी मूठ उघडून दाखवली. पुठ्ठा तिथं होता. "हा नाही देत," ते म्हणाले आणि एकशे नव्याण्णव रुपये पंच्याण्णव पैसे घेतले. वरचे पाच पैसे मला मोजून परत केले. "सारे वापस आले तर खातं बंद होते. एक तरी बाहेर पायजे. तोवर आबाचं दुकान चालू हाय."

टक्केसरांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पुतण्यानं त्यांचं सामान आवरलं तेव्हा वह्या निघाल्या, खडूचे तुकडे निघाले, तो पुठ्ठा निघाला नाही. मी मुद्दाम फोन करून विचारलं. मधल्या काळात सरकारनं आपलं पाच पैशांचं नाणंसुद्धा बंद करून टाकलं. आमचा पुठ्ठा कुणी बंद केलेला नाही. तो बाहेर कुठं तरी आहे, त्यावर पाचाचा आकडा आहे आणि कोपऱ्यात माझी सही आहे. कुणी घेऊन आलं तर मी बदलून देणार आहे. शंभर टक्के.